ऋग्वेदाला प्रकाशक हवा होता

नवी दिल्लीत कनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर परदेशांच्या सांस्कृतिक संस्था एकमेकींच्या शेजाराने नांदतात. १७ क्रमांकावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तू आहे, २४ क्रमांकावर अमेरिकन सेंटर आहे आणि ३ क्रमांकावर जर्मनीचे मॅक्स म्युलर भवन. नवे महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर आहे. एके काळी हा कर्झन रोड होता. इतर देशांत गोएथेच्या नावाने चालणारी जर्मन संस्था भारतात मात्र मॅक्स म्युलर यांच्या नावाने ओळखली जाते. पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही ती त्याच नावाने ठाऊक आहे. हे नाव विचार करायला लावणारे आहे. म्युलर यांनी तरुणपणीच जर्मनी सोडली, उरलेले आयुष्य इंग्लंडमध्ये काढले, १८५५ साली ते ब्रिटिश नागरिक झाले आणि भारतात ते कधीच आले नाहीत. आपल्याकडे त्यांच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या लेखी ते वेदांचे उद्धारक मोक्षमूलर भट्ट. काहींच्या लेखी ईस्ट इंडिया कंपनीने हिंदू धर्म पोखरण्यासाठी पगारावर ठेवलेला माणूस. दुसऱ्या मताचा सारा भार एका खऱ्या गोष्टीवर आहे : म्युलर यांच्या ऋग्वेदाच्या आवृत्तीला कंपनीने पैसा दिला. या लेखात मी त्याच गोष्टीकडे प्रकाशनव्यवहाराच्या इतिहासातून पाहणार आहे. माझे म्हणणे असे की, पैसा देणाऱ्याचा हेतू, लेखकाची मते आणि ग्रंथाने प्रत्यक्षात केलेले काम हे तीन वेगवेगळे इतिहास आहेत. ते एकात कालवले की तिन्हींबद्दलचा आपला निवाडा चुकतो.

प्रथम माणूस पाहू. फ्रीडरिश मॅक्स म्युलर यांचा जन्म ६ डिसेंबर १८२३ रोजी डेसाऊ या छोट्या जर्मन संस्थानी शहरात झाला. वडील विल्हेल्म म्युलर हे नावाजलेले कवी होते. शुबर्टने त्यांच्या कवितांना दिलेल्या चाली आजही गायल्या जातात. ते १८२७ मध्ये वारले तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. घरात नाव होते, पैसा नव्हता. लाइपझिग विद्यापीठात संस्कृत शिकून १८४३ साली या मुलाने स्पिनोझावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी हितोपदेशाचे जर्मन भाषांतर छापले. बर्लिनमध्ये भाषाशास्त्रज्ञ बॉप आणि तत्त्वज्ञ शेलिंग यांच्याकडे काही काळ काढून १८४५ साली तो पॅरिसला संस्कृतज्ञ युजेन ब्युर्नुफ यांच्यापाशी आला. ब्युर्नुफ यांनी त्याला जो सल्ला दिला, त्याने त्याची पुढची तीस वर्षे ठरली : वेदातले निवडक उतारे छापत बसू नका, सायणाचार्यांच्या भाष्यासह संपूर्ण ऋग्वेद छापा. पॅरिसमध्ये या तरुणाचे पोट इतरांसाठी हस्तलिखितांच्या नकला करून भरत होते, आणि त्यातून उरलेल्या वेळात तो स्वतःसाठी सायणभाष्य उतरवून घेत होता. हे सारे १८४५-४६ मधले आहे. तोवर ईस्ट इंडिया कंपनीशी त्याचा कसलाही संबंध आलेला नव्हता. ग्रंथाची कल्पना, तिचा आकार आणि तिची पद्धत पॅरिसमध्ये एका फ्रेंच गुरूच्या देखरेखीखाली ठरली. कंपनीने हा ग्रंथ ‘लिहून घेतला’ असे म्हणणाऱ्यांनी या तारखा आधी समोर ठेवल्या पाहिजेत.

कल्पना ठरली, तरी तिला प्रकाशक मिळणे ही वेगळीच लढाई होती. ऋग्वेदात १०२८ सूक्ते आणि दहा हजारांवर ऋचा आहेत. विजयनगरच्या काळात, चौदाव्या शतकात रचलेले सायणभाष्य मूळ संहितेच्या कितीतरी पट मोठे. त्याची हस्तलिखिते पॅरिस, बर्लिन, लंडन अशी विखुरलेली. ती ताडून, पाठभेद नोंदवून शुद्ध प्रत तयार करायची, म्हणजे वर्षानुवर्षांचे काम. त्यानंतर प्रश्न खिळ्यांचा. देवनागरी जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे जुळवू शकणारे छापखाने युरोपात मोजकेच होते. शेवटचा प्रश्न गिऱ्हाइकाचा : असे जाडजूड खंड विकत घेणार कोण? त्या काळी सगळ्या युरोपात वेद वाचू शकणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावी. इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुक यांच्या १८०५ सालच्या निबंधामुळे वेदांत काय आहे याची कल्पना विद्वानांना आली होती. त्यानंतर फ्रीडरिश रोझेन या लंडनमध्ये राहणाऱ्या दुसऱ्या जर्मनाने ऋग्वेदाचे पहिले अष्टक लॅटिन भाषांतरासह सिद्ध केले. पण १८३८ साली ते छापून बाहेर पडले तेव्हा रोझेन हयात नव्हते. त्यांनी वाट दाखवली होती, आणि ती किती अवघड आहे हेही त्यांच्या अपुऱ्या कामाने दाखवले होते. नफ्यातोट्याचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही व्यावसायिक प्रकाशकाने असा ग्रंथ हाती धरला असता तर तो बुडाला असता. म्हणून म्युलर यांच्यापुढे मार्ग तेवढे एकाच जातीचे उरले : राजा, अकादमी किंवा राज्यकर्ती कंपनी यांच्यापैकी कुणाचा तरी आश्रय.

त्यांनी हे सगळे मार्ग चाचपले. जर्मनीत साम्टर या प्रकाशकाला त्यांनी वर्षाला पन्नास फर्मे देण्याचे कबूल केले होते. सेंट पीटर्झबर्गच्या अकादमीतले संस्कृतज्ञ ब्योटलिंक यांच्याकडून, रशियात येऊन हे काम मिळून करावे, असे बोलणे झाले होते. तो बेत तडीस गेला नाही. जून १८४६ मध्ये म्युलर लंडनला आले ते ईस्ट इंडिया हाउसमधली हस्तलिखिते ताडून पाहण्यासाठी, थोड्या दिवसांच्या मुक्कामाला. तिथे दोन माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. एक प्रशियाचे राजदूत बुन्सन, दुसरे कंपनीचे ग्रंथपाल आणि ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्राध्यापक एच. एच. विल्सन. दोघांनी कंपनीच्या संचालकांकडे शब्द टाकला आणि एप्रिल १८४७ मध्ये मंजुरी मिळाली. अटी म्युलर यांनी आईला लिहिलेल्या पत्रातून कळतात : दर वर्षी पन्नास फर्मे छपाईसाठी तयार करून द्यायचे, फर्म्याला चार पौंड, म्हणजे वर्षाला २०० पौंड. हा दर त्यांनी स्वतः मागितला होता आणि पन्नास फर्म्यांचा आकडा साम्टरशी आधी ठरलेला तोच होता. चौपेजी आकारात एका फर्म्याची आठ पृष्ठे होतात. म्हणजे संस्कृत भाष्याचे एक पृष्ठ हस्तलिखितांवरून निश्चित करून, मुद्रिते तपासून देण्याचे मोल अर्धा पौंड. हे मानधन एका तेवीस वर्षांच्या अविवाहित विद्वानाला साधेपणाने जगू देईल एवढे होते. धर्म बुडवण्यासाठी मोजलेली गडगंज रक्कम म्हणून आज जे आकडे सांगितले जातात, त्यांचा या पत्रातल्या हिशेबाशी मेळ बसत नाही.

कंपनीचा हेतू निर्मळ होता असे मी म्हणत नाही. कंपनी व्यापारातून राज्यकर्ती झालेली, आणि राज्यकर्त्याला प्रजेचे धर्मग्रंथ आपल्या मुठीत असावेत असे वाटणे ओघाने येते. शिवाय हिंदुस्थानावर राज्य करायचे आपण आणि हिंदूंचा आद्य ग्रंथ छापून निघायचा रशियाच्या राजधानीत, हे लंडनच्या संचालकांना मानवले नसते, हेही उघड आहे. प्रतिष्ठा, राज्याची सोय आणि थोडी विद्येची आस्था या तिन्हींचे मिश्रण त्या मंजुरीमागे होते. मात्र या व्यवहारात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कंपनीने जे विकत घेतले, ते मूळ संहिता आणि सायणभाष्य यांचे संशोधित पाठ. मत, टीका किंवा भाषांतर या करारात नव्हते. चौदाव्या शतकातल्या एका कर्मठ वेदनिष्ठ पंडिताचे भाष्य अक्षरशः छापायचे, ही ज्या कामाची अट आहे, त्यात संपादकाला आपले म्हणणे घुसवायला जागा फार थोडी असते. यज्ञ, देवता आणि मंत्रांचे विनियोग यांबद्दल वैदिक परंपरा काय मानत आली, तेच त्या खंडांतून पानोपानी जगापुढे गेले.

परदेशी राहणाऱ्या लेखकाचे बिऱ्हाड कुठे पडते, हे बहुधा त्याचे पुस्तक कुठे छापले जाते यावर ठरते. म्युलर यांच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीच्या वेळी ते पॅरिसमध्ये होते. रस्त्यांवर गोळीबार चालू असताना हस्तलिखिते सांभाळत त्यांनी शहर सोडले. त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला राहायला गेले, कारण ऋग्वेद विद्यापीठाच्या छापखान्यात जुळवला जात होता आणि मुद्रिते तपासणारा माणूस छापखान्याजवळ हवा होता. थोड्या मुक्कामासाठी आलेला पाहुणा २८ ऑक्टोबर १९०० रोजी त्याच गावात वारला. पहिला खंड १८४९ मध्ये निघाला, दुसरा १८५४ मध्ये, तिसरा १८५६ मध्ये, चौथा १८६२ मध्ये, पाचवा १८७२ मध्ये आणि सहावा १८७४ मध्ये. यांपैकी तीनच खंड कंपनीच्या राजवटीत निघाले. १८५८ साली कंपनीची सत्ता संपली आणि उरलेल्या खंडांचा आश्रय भारतमंत्र्यांच्या कार्यालयाकडे आला. वर्षाला पन्नास फर्म्यांचा वायदा पाळला गेला असता तर काम कितीतरी आधी आटोपले असते. ते लांबले, कारण लेखकाला पोटासाठी इतर कामे करावी लागली : टेलर संस्थेत युरोपीय भाषांचे अध्यापन, भाषाशास्त्रावरची व्याख्याने, नियतकालिकांतले निबंध. लाँगमन्स या प्रकाशकांनी काढलेली भाषाशास्त्रावरची व्याख्याने भरपूर खपली आणि त्यांच्यामुळे म्युलर घरोघर पोचले. आज त्या व्याख्यानांतले बरेचसे सिद्धान्त मागे पडले आहेत. ज्या ग्रंथाला बाजारात गिऱ्हाईक नव्हते, तो मात्र टिकला.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की, मेकॉले यांनी हिंदू धर्मशास्त्रांची मोडतोड करण्यासाठी म्युलर यांना नेमले. मेकॉले आणि म्युलर यांची भेट झाली हे खरे. तिची हकीकत म्युलर यांनी स्वतःच आपल्या आठवणींत सांगितली आहे. पण ती झाली करारानंतर काही वर्षांनी, जेव्हा हिंदुस्थानात जाणाऱ्या मुलकी अधिकाऱ्यांच्या परीक्षांचा आराखडा तयार होत होता. पौर्वात्य भाषांना त्या परीक्षेत मान मिळावा अशी बाजू मांडायला म्युलर गेले होते. मेकॉले बोलत राहिले, यांना बोलू दिलेच नाही, आणि हे हिरमुसून परतले. १८४७ मध्ये झालेल्या व्यवहाराचे मूळ त्याच्या नंतरच्या भेटीत शोधता येत नाही. दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्राध्यापकपद मुंबईच्या लष्करात नोकरी केलेल्या कर्नल बोडेन यांच्या देणगीतून निघाले होते आणि हिंदूंचे धर्मांतर सुकर व्हावे हा आपला हेतू त्यांनी मृत्युपत्रात उघड लिहून ठेवला होता. विल्सन वारल्यावर १८६० साली त्या जागेसाठी निवडणूक झाली. एका बाजूला युरोपभर कीर्ती झालेले म्युलर, दुसऱ्या बाजूला मुंबईत जन्मलेले मोनियर विल्यम्स. पदवीधर मतदारांत धर्मोपदेशकांचा मोठा भरणा होता. निकाल लागला : विल्यम्स ८३३, म्युलर ६१०. परका जर्मन आणि धर्माच्या बाबतीत सैल विचारांचा माणूस, हे दोन्ही आरोप म्युलर यांच्या विरोधात वापरले गेले. धर्मप्रसाराच्या कामाला सर्वांत लायक माणूस म्हणून कंपनीने त्यांना निवडले असते, तर खुद्द धर्मप्रसारासाठी निर्माण झालेल्या पदावरून त्यांना धर्मोपदेशकांनीच डावलले नसते.

यावरचे प्रत्युत्तर मला ठाऊक आहे आणि ते हलके समजू नये. १८६६ साली पत्नीला लिहिलेल्या पत्रात म्युलर म्हणतात की, आपल्या वेदाच्या आवृत्तीचा हिंदुस्थानच्या भवितव्यावर परिणाम होईल. धर्माचे मूळ काय आहे हे लोकांना दाखवणे हाच गेल्या तीन हजार वर्षांत त्यातून उगवलेले उपटून काढण्याचा मार्ग आहे. १८६८ साली भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाइल यांना लिहिताना तर त्यांनी भारताचा प्राचीन धर्म संपल्यात जमा आहे असे म्हणून ख्रिस्ती धर्माने ती जागा घ्यावी अशी अपेक्षा स्पष्ट केली. ही पत्रे खरी आहेत, त्यांच्या पत्नीनेच ती छापली आहेत, आणि त्यांचा अर्थ पातळ करण्यात काही शोभा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय माणसाचा धार्मिक अहंकार म्युलर यांच्यात होता. तो त्यांच्या लेखनात, भाषांतरांत आणि धर्मांच्या विकासाबद्दलच्या सिद्धान्तांत उतरला आहे, आणि तिथे त्याची झडती घेतलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ही मते ऋग्वेदाच्या छापील पाठात शिरली का? याची तपासणी मतांवरून होऊ शकत नाही. ती हस्तलिखितांवरूनच करावी लागते. आणि ती झाली आहे, तीही पुण्यात. १९२८ साली स्थापन झालेल्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ ते १९५१ या काळात सायणभाष्यासह ऋग्वेदाची पाच खंडांची नवी चिकित्सक आवृत्ती काढली. नारायण सोनटक्के आणि चिं. ग. काशीकर यांच्यासारख्या परंपरेत मुरलेल्या विद्वानांनी अधिक हस्तलिखिते वापरून भाष्याचा पाठ पुष्कळ सुधारला. पहिल्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त होणे हा विद्येचा नित्यक्रम आहे. त्या आवृत्तीची पुढची पायरी म्हणूनच नवी आवृत्ती उभी राहिली. खोट्या पाठाला पायरी होता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सैद्धान्तिक आहे : परकी सत्ता ज्याचा खर्च उचलते, ते ज्ञान सत्तेचेच हत्यार असते. या म्हणण्यातले तथ्य मला मान्य आहे, पण ते सरसकट लावले तर आपल्याच घरातली अनमोल कामे आपल्याला टाकून द्यावी लागतील. १८६० च्या दशकात मार्टिन हाउग पुण्यात शिकवत होते आणि त्यांनी संपादलेले ऐतरेय ब्राह्मण १८६३ साली मुंबई सरकारच्या ग्रंथभांडाराने काढले. ब्यूलर एल्फिन्स्टन कॉलेजात आणि कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात आले. दोघांच्या पुढाकाराने मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू झाली. हे तिघेही परदेशस्थ जर्मन, आणि त्यांचा प्रकाशक मुंबई सरकार. कीलहॉर्न यांचे पतंजलीच्या महाभाष्याचे संपादन याच मालेत निघाले. याच मालेत रा. गो. भांडारकरांचे मालतीमाधव आहे आणि शंकर पांडुरंग पंडितांची कालिदासाची संपादने आहेत. पंडितांनी मराठी आणि इंग्रजी अर्थांसह ‘वेदार्थयत्न’ चालवला, आणि सायणभाष्यासह त्यांनी सिद्ध केलेला अथर्ववेद त्यांच्या निधनानंतर १८९५ ते १८९८ या काळात मुंबई सरकारच्या खर्चाने छापला गेला. पंडित सरकारी नोकर होते, ग्रंथाचा पैसा सरकारचा होता, सरकार तेच परके होते. तरी त्यांचा अथर्ववेद कुणी साम्राज्याचा डाव ठरवत नाही, आणि ठरवूही नये. म्युलर यांना एक माप आणि पंडितांना दुसरे, हे न्यायाचे होत नाही. कसोटी दोघांना एकच हवी : पाठ प्रामाणिक आहे का, आणि त्यावर इतरांना काम करता आले का. ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची गोष्ट इथे आठवावी. पहिली आवृत्ती संपल्यावर १८९० ते १८९२ या काळात निघालेल्या चार खंडांचा खर्च विजयनगरमच्या महाराजांनी उचलला. लंडनच्या संचालकांच्या पैशावर सुरू झालेला ग्रंथ आंध्रातल्या हिंदू संस्थानिकाने पुन्हा छापून घेतला, तेव्हा आश्रयदाता बदलला. ग्रंथाचे स्वरूप तेच राहिले.

तिसऱ्या आक्षेपाला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, कारण तो बऱ्याच अंशी योग्य आहे. वेद मुखोद्गत असणारे हजारो वैदिक काशीत, पुण्यात, कोकणात आणि दक्षिणेत हयात असताना ऋग्वेदाच्या संपादनाचा मान भारत न पाहिलेल्या माणसाला मिळाला. कलकत्त्यात रोअर यांनी ‘बिब्लिओथेका इंडिका’ मालेत ऋग्वेद छापायला घेतला होता. सुरुवातीच्या अध्यायांपलीकडे ते काम गेले नाही. हस्तलिखिते जहाजांतून लंडनला पोचली होती, म्हणून विद्वत्तेचे केंद्रही लंडन-ऑक्सफर्ड झाले. ती हस्तलिखिते ज्यांनी लिहिली, जपली आणि नकलून दिली, त्या पंडितांची आणि लेखकांची नावे मुखपृष्ठावर आली नाहीत. राजकीय सत्तेने ज्ञानव्यवहारावर खरा अन्याय केला तो इथे. पाठात विष कालवल्याच्या कहाणीमागे धावताना हा खरा अन्याय मात्र नजरेआड होतो, हे मला जास्त खुपते. तरीही एक नोंद केली पाहिजे. म्युलर स्वतः पुढे प्रकाशनव्यवहारातले वजनदार संपादक झाले आणि १८७९ पासून त्यांनी पौर्वात्य धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची माला काढली. तिचे ५० खंड झाले. त्यातल्या आठव्या खंडाचे, म्हणजे भगवद्गीतेचे, काम त्यांनी मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांकडे सोपवले. १८८२ साली तो खंड ऑक्सफर्डहून निघाला. ज्याला कधी काळी प्रकाशकासाठी देशोदेशी हिंडावे लागले, त्याच्या हाती प्रकाशनाची किल्ली आल्यावर एका मराठी विद्वानाला तिथे जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

या साऱ्या वादाचा निकाल लावणारा साक्षीदार महाराष्ट्रातलाच आहे, आणि त्याच्यावर इंग्रजधार्जिणेपणाचा आरोप कुणी करू शकणार नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ प्रसिद्ध केले. वेदकाल इसवी सनापूर्वी १२०० ते १००० च्या आसपास, हे म्युलर यांचे मत. टिळकांनी ज्योतिषाच्या आधारे तो काळ त्याच्या कितीतरी मागे, इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास नेला. म्हणजे कालगणनेत दोघे समोरासमोरचे प्रतिपक्षी. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी राणीकडे गेलेल्या अर्जात म्युलर यांनी पुढाकार घेतला आणि आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती टिळकांना तुरुंगात पाठवली. सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीआधी, टिळक सुटले. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी या मदतीचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. टिळकांची ही कालगणना आणि वेदांचे मूळ उत्तर ध्रुवाकडे शोधणारा त्यांचा दुसरा सिद्धान्त हे दोन्ही आज विद्वानांना मान्य नाहीत, आणि म्युलर यांची कालगणनाही अंतिम मानली जात नाही. इथे मुद्दा वेगळा आहे. ज्या आवृत्तीचा जन्म कंपनीच्या पैशातून झाला, तिचाच पाठ समोर ठेवून इंग्रजांच्या तुरुंगातला कैदी संपादकाचे मत खोडून काढणारा युक्तिवाद रचत होता. संपादकाची मते आणि संपादित पाठ वेगळे काढता येतात, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही. टिळकांनी म्युलर यांचे मत नाकारले, आवृत्ती वापरली, आणि माणसाचे ऋण मानले. तीन गोष्टींना तीन वेगळी उत्तरे देण्याचा हा विवेक आज आपल्यातून हरवत चालला आहे.

ही चर्चा जुन्या ग्रंथापुरती राहत नाही, म्हणूनच ती करावीशी वाटते. ज्या पुस्तकांना बाजार नाही, त्यांचा प्रकाशक आजही बाजाराबाहेरच शोधावा लागतो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या संस्था हेच काम करतात. गोएथे इन्स्टिट्यूट जर्मन पुस्तकांच्या भाषांतरासाठी अनुदान देते, आणि त्यात जर्मनीची प्रतिष्ठा वाढावी हा हेतू असतोच. महाराष्ट्रात १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली कोशांची, भाषांतरांची आणि संशोधनाची कामे सरकारी पैशावरच उभी केली. खाजगी प्रकाशकाच्या हिशेबात ती कधीच बसली नसती. परदेशी गेलेला मराठी लेखक असो की महाराष्ट्रात राहून एखाद्या दुर्लक्षित पोथीवर आयुष्य वेचणारा संशोधक, त्याला कुणाचा तरी हात धरावाच लागतो. त्या हाताबद्दल प्रश्न विचारणे हे वाचकाचे कर्तव्य आहे : पैसा कुणाचा, तो का दिला गेला, त्याच्या मोबदल्यात काय मागितले गेले. पण हे प्रश्न विचारून झाल्यावर पुस्तक उघडून वाचण्याचे काम उरतेच, आणि निर्णय त्या वाचनावरच व्हायला हवा. दात्याचे नाव पाहून ग्रंथ फेकून देणारा समाज शेवटी ग्रंथांनाच मुकतो. आणि दात्याचे नाव न विचारताच ग्रंथ डोक्यावर घेणारा समाज स्वतःच्या पंडितांची नावे विसरतो. आपल्या पूर्वजांनी हे दोन्ही दोष टाळून दाखवले आहेत. भांडारकर, तेलंग, पंडित, टिळक आणि वैदिक संशोधन मंडळाचे संपादक यांनी परक्यांच्या आश्रयाने छापलेले ग्रंथ निर्भयपणे वापरले, त्यांतल्या चुका दाखवल्या आणि त्यांच्यापेक्षा सरस ग्रंथ घडवले. परकीय आश्रयाला देता येणारे सर्वांत भक्कम उत्तर तेच आहे, आणि ते देण्यासाठी स्वतःच्या विद्येवर खर्च करण्याची तयारी समाजाला ठेवावी लागते.